ट्रान्सप्लांटनंतरचे जुलाब: दुर्बीण कधी, कुठून आणि कशासाठी

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला जुलाब लागले की घरातला पहिला प्रश्न असतो, "काय खाल्लं होतंस?" सोलापुरात त्याची उत्तरंही ठरलेली. शेंगाचटणी जास्त झाली, साठवलेलं पाणी बाधलं, नाहीतर ऊन लागलं. मग ओळखीच्या दवाखान्यात एक सलाईन आणि जुलाब थांबवायची गोळी. एरवी हे चालून जातं. पण दुसऱ्याच्या मूळपेशी घेऊन जेमतेम दोन महिने झालेल्या माणसाच्या आतड्याचं अस्तर अशा दोन-तीन दिवसांत सोलून निघू शकतं, आणि बाहेरून दिसते ती फक्त पातळ शी.

मी सोलापुरात दुर्बिणीच्या तपासण्या करतो. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. आज पुणे, मुंबई, हैदराबाद, वेल्लोर अशा ठिकाणी ट्रान्सप्लांट करून घेतलेली माणसं काही आठवड्यांनी घरी परततात आणि पुढची गुंतागुंत गावातल्याच डॉक्टरचं दार वाजवते. हा लेख त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि त्यांना सगळ्यात आधी बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी. बोलणं मुख्यतः दुसऱ्या व्यक्तीच्या पेशी घेतलेल्यांबद्दल आहे. स्वतःच्याच पेशी परत घेतलेल्यांमध्ये यातला बराच भाग लागू होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुर्बिणीतून लाल दिसलं म्हणजे निदान झालं असं नाही, आणि नॉर्मल दिसलं म्हणजे सुटलो असंही नाही. कॅमेरा फक्त जागा दाखवतो. निदान अस्तराच्या काढून घेतलेल्या तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत असतं, आणि तुकड्याचा अर्थ पेशंटच्या वहीत.

आधी वही, मग दुर्बीण

ट्रान्सप्लांटचा दिवस म्हणजे दिवस शून्य. तिथून आज कितवा दिवस आहे, हे घरातल्या एकाला तरी तोंडपाठ हवं. माझा पहिला प्रश्न तोच असतो, कारण दिवसागणिक संशयित बदलतात. पहिल्या तीन आठवड्यांत ट्रान्सप्लांटआधी दिलेल्या जबर केमोचा परिणाम अस्तरावर शिल्लक असतो. त्यानंतर जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, पुढे येतो. डोनरच्या टी-पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्वचा, यकृत आणि आतडं यांच्यावर तुटून पडतात, तो हा आजार. पुस्तकात पहिले शंभर दिवस लिहिलेले असतात, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करताना तो नंतरही उफाळतो. आणि सीएमव्हीसारखे विषाणू या सगळ्या काळात टपून असतात.

आता मोजमाप. अक्कलकोट रोडच्या एका आई मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, आठ वेळा झाली म्हणजे किती झाली? एकदा चमचाभर होते, एकदा तांब्याभर." अगदी बरोबर प्रश्न. त्यांनीच मग प्लास्टिकच्या एका लिटरच्या मगवर नेलपॉलिशने शंभर-शंभर मिलीच्या रेघा ओढल्या, कमोडमध्ये भांडं ठेवलं आणि मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत वेळ, मिली, रंग अशी नोंद सुरू केली. लघवी त्यात मिसळू द्यायची नाही, हेही त्यांनी पाळलं. हातमोजे घालायचे, भांडं रोज ब्लीचने धुवायचं.

या वहीचं मोल फार आहे. मोठ्या माणसांत आतड्याच्या जीव्हीएचडीची पायरी दिवसभराच्या जुलाबाच्या मापावरच ठरते. मॅजिक नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाचे निकष असे: ५०० मिलीच्या आत असेल तर शून्य, ५०० ते ९९९ पहिली, १००० ते १५०० दुसरी, त्यावर तिसरी. पोटात असह्य दुखणं, आतडं ठप्प होणं किंवा उघड रक्त पडणं असेल तर मिली कितीही असोत, चौथी. लहान मुलांत हेच वजनाच्या हिशेबाने मोजतात, म्हणजे किलोमागे १० मिलीपासून पुढे. रंगही लिहा. हिरवट, पाण्यासारखी, मधूनमधून शेवाळासारखे तुकडे असलेली शी मला जीव्हीएचडीकडे ढकलते. उपाशी ठेवूनही जुलाब कमी होत नसतील तर आणखीच.

माप वाढतंय असं दिसलं की पहिला फोन ट्रान्सप्लांट सेंटरला. आम्हाला नंतर. जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. जंतुसंसर्ग असेल तर ती घातक ठरते, आणि माप बिघडतं ते वेगळंच.

दुर्बिणीआधीच्या तपासण्या

घाईत हा टप्पा सुटतो. अर्ध्या वेळा उत्तर इथेच असतं.

शीमध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं टॉक्सिन बघायचं. या पेशंटना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक मिळालेली असतात, त्यामुळे हा जंतू सापडण्याची शक्यता जास्त. त्याच नमुन्यात नोरो, रोटा, अ‍ॅडिनो विषाणू, शिवाय जिआर्डिया, अमीबा आणि क्रिप्टोस्पोरिडियम. शेवटच्याबद्दल थोडं थांबतो. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून पिंप-बॅरल भरून ठेवायची आपल्याकडची रीत. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही. तुरटी किंवा क्लोरीनचे थेंब टाकून निश्चिंत होऊ नका. या पेशंटचं पाणी उकळलेलंच हवं. नेहमीच्या शी तपासणीत हा परजीवी दिसत नाही, त्यासाठी वेगळं रंगद्रव्य वापरावं लागतं, म्हणून फॉर्मवर नाव घालून मागा.

शेतात अनवाणी वावरलेला पेशंट असेल तर स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचा शोध जीव्हीएचडीसाठी स्टेरॉइड सुरू करण्याआधी घ्यायचा. स्टेरॉइडच्या छायेत ही कृमी अंगभर पसरते आणि जीवावर बेतते.

रक्तात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सीएमव्हीचा पीसीआर, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि रक्ताच्या स्लाइडवर फुटक्या तांबड्या पेशी. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची पातळीही घ्या. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उतरेल असं वाटतं, पण अस्तर खराब झालं की उलट ती चढते. हे अनेकांना चकवतं.

आणि गोळ्यांची पिशवी उघडून बघा. टॅक्रोलिमसमुळे मॅग्नेशियम घसरतं, म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात, आणि त्याच गोळ्या जुलाब करतात. मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषधही करतं. एका पेशंटला मी दुर्बिणीसाठी तारीख देऊन बसलो होतो. दोन दिवस मॅग्नेशियम बंद केल्यावर संडास बांधून झाली आणि तारीख रद्द.

पांढऱ्या पेशी पार खाली, ताप, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखणं, असा मेळ जमला तर दुर्बीण घालू नका. आधी सीटी स्कॅन. पेशी नसताना मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येते, भिंत जाड पण कमकुवत होते, आणि दुर्बिणीतून हवा भरली की फाटू शकते.

वरून की खालून

नातेवाईकांना वाटतं, एकदाच सगळं बघून घ्या. मला तसं वाटत नाही. पेशंट किती सोसू शकेल त्यावर ठरवायचं.

जुलाब हीच मुख्य तक्रार असेल, तर फक्त खालचा भाग बघणारी छोटी तपासणी, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी, बऱ्याचदा पुरते. रेक्टम (गुदाशय) आणि डाव्या बाजूच्या आतड्याच्या तुकड्यांत जीव्हीएचडी चांगला सापडतो. पूर्ण तयारी लागत नाही, पंधरा मिनिटांत आटोपतं, भूलही कमी. जो दिवसातून दीड लिटर पाणी टाकतोय त्याला आणखी दोन-तीन लिटर औषध पाजायचं हे मला पटत नाही. साध्या पाण्याचा हलका एनिमा पुष्कळ होतो.

मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणं, हे असेल तर वरून, म्हणजे तोंडातून. दोन्ही तक्रारी असतील तर दोन्ही, एकाच भुलेत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत, इलियमपर्यंत पोचता आलं तर सोनंच, कारण जीव्हीएचडीची चित्रं तिथे ठळक असतात. पण त्यासाठी पूर्ण कोलोनोस्कोपी लागते. रेक्टमच्या तुकड्यांनी उत्तर मिळालं नाही, किंवा टीबी, सीएमव्ही यांचा दाट संशय असेल, तर ती करतो.

पोट साफ करायची पूर्ण तयारी द्यावीच लागली तर पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) पावडर. सोडियम फॉस्फेटचं औषध नको. ते मूत्रपिंडाला बाधतं, आणि शिवाय अस्तरावर स्वतःच बारीक फोडासारखे व्रण उठवतं. मग आपण त्यालाच आजार समजून बसतो.

प्लेटलेटचा आकडा हा सगळ्यात वादाचा मुद्दा. नुसतं बघायचं असेल तर २०,००० वर भागतं. तुकडा घ्यायचा तर ५०,००० च्या वर असाव्यात, असं साधारण धोरण. कमी असतील तर तपासणीच्या अगदी आधी प्लेटलेटची पिशवी चढवायची, आदल्या रात्री नाही. सकाळपर्यंत त्या उरत नाहीत. आणि पिशवी रेडिएशन दिलेलीच पाहिजे. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला साधी पिशवी चढवली तर रक्तदात्याच्या पेशीच त्याच्यावर उलटू शकतात. रक्तपेढीला हे दोन दिवस आधी सांगून ठेवा. ऐन वेळी धावाधाव झाली की नेमकी हीच अट विसरली जाते.

प्लेटलेट काठावर असतील तर मी ड्युओडेनमचा, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या भागाचा तुकडा घेत नाही. तिथे भिंतीत रक्त साचून गाठ होते, वाट बंद होते, आणि पेशंट दोन दिवसांनी हिरव्या उलट्या करत येतो. मुलांमध्ये तर फारच जपायचं. रेक्टममधून रक्त आलं तर दिसतं, आणि दुर्बीण घालून थांबवता येतं.

पडद्यावर काय बघायचं

हवेऐवजी शक्यतो कार्बन डायऑक्साइड वापरतो. तो लवकर शोषला जातो, पोट कमी ताणतं. रेक्टममध्ये शिरल्यावर पहिली दोन मिनिटं मी पुढे सरकतच नाही. निरोगी अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं जाळं पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं स्वच्छ दिसतं. जीव्हीएचडीत पहिल्यांदा हे जाळं पुसट होतं. सूज येते, अस्तर ओलसर चकचकीत दिसतं, मधूनमधून लाल ठिपके उठतात. कधी खवल्यांसारखी नक्षी उमटते. जपानी डॉक्टरांनी तिला कासवाच्या पाठीची उपमा दिली आहे, आणि एकदा पाहिली की विसरत नाही. पुढच्या टप्प्यात बारीक व्रण, मग ते एकमेकांना मिळतात, आणि शेवटी अस्तराचे पापुद्रे सुटून खाली उघडं मांस.

इलियममध्ये एक साधी युक्ती आहे. हवा काढून घ्या आणि पाणी भरा. निरोगी आतड्याची केसाळ लव पाण्यात गवतासारखी डोलते. जीव्हीएचडीत ती आखूड झालेली किंवा पार झडलेली दिसते. नॅरो बँड प्रकाश (दुर्बिणीतला खास निळा-हिरवा प्रकाश) असेल तर आणखी स्पष्ट. महागड्या यंत्राची गरज नाही, पाण्याने काम होतं.

बाकीच्यांचे चेहरे थोडे वेगळे. सीएमव्हीचे व्रण पंचने पाडल्यासारखे खोल, कडा उठावदार, आजूबाजूचं अस्तर बऱ्यापैकी. टीबी इलियम आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) यांच्या सांध्यावर बसतो, व्रण आडवे असतात. आपल्या भागात तो मनातून काढून टाकू नका. क्लॉस्ट्रिडियमचा पिवळट पापुद्रा पुस्तकात देखणा असतो, पण ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत त्याच्यात तो बऱ्याचदा बनतच नाही. कुठे फुगीर कड्यांचा, गाठीसारखा व्रण दिसला तर ईबीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या लिम्फोमाचाही (लसीका पेशींच्या कॅन्सरचा) विचार करायचा. रक्ताळ जुलाब, मुरडा, प्लेटलेट घसरत्या, एलडीएच चढतं आणि स्लाइडवर फुटक्या पेशी, तर तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार असू शकतो. तिथे स्टेरॉइड वाढवून फायदा नाही, उलट टॅक्रोलिमसकडेच बोट जातं. दुर्बिणीतून तो जीव्हीएचडीसारखाच दिसतो, हीच पंचाईत.

माझी एक चूक सांगतो. नव्या उमेदीत एका तरुणाची कोलोनोस्कोपी केली. आतडं गुलाबी, गुळगुळीत, जाळं दिसतंय. मी रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं आणि तुकडा घेतला नाही. पाच दिवसांनी त्याच्या ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये परत दुर्बीण झाली. दिसायला तेव्हाही फारसं काही नव्हतं, पण रेक्टमच्या तुकड्यात जीव्हीएचडी होता. त्याचे पाच दिवस मी घालवले. त्यानंतर ट्रान्सप्लांटच्या पेशंटच्या बाबतीत नॉर्मल दिसणाऱ्या जागेचाही तुकडा घेतल्याशिवाय मी दुर्बीण बाहेर काढलेली नाही.

तुकडे, बाटल्या आणि फॉर्म

प्रत्येक जागेतून तीन-चार तुकडे. रेक्टमची बाटली वेगळी, सिग्मॉइडची (त्याच्या लगेच वरच्या आतड्याची) वेगळी, इलियमची वेगळी. सगळे एकाच बाटलीत टाकून "कोलन" लिहिणं ही वाईट सवय. जीव्हीएचडीसाठी व्रणाच्या शेजारचं टिकलेलं अस्तर घ्यायचं, कारण पॅथॉलॉजिस्टला ग्रंथी दिसायला हव्यात. उघड्या मांसात बघायला काही उरलेलंच नसतं. सीएमव्हीसाठी मात्र व्रणाचा तळ हवाच, तो विषाणू तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत लपतो. दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट. पीसीआर किंवा कल्चर लागणार असेल तर एक तुकडा आधीच सलाईनमध्ये, फॉर्मॅलिनचा हात न लागलेला.

मग फॉर्म. कितीतरी फॉर्मवर "लूज मोशन, नोंद घ्यावी" एवढंच लिहिलेलं असतं. पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय करणार? कोणत्या आजारासाठी ट्रान्सप्लांट, डोनर कोण, आज कितवा दिवस, मायकोफिनोलेट चालू आहे का, सीएमव्हीचा रक्तातला आकडा किती, त्वचेवर पुरळ किंवा कावीळ आहे का, हे सगळं लिहा. कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधतो एकच गोष्ट, ग्रंथींच्या तळाशी एकेकट्या मरणाऱ्या पेशी. लर्नरच्या मोजपट्टीत त्या नुसत्या दिसल्या तर पहिला दर्जा, एखाददुसरी ग्रंथी नष्ट झाली तर दुसरा, शेजारशेजारच्या ग्रंथी गेल्या तर तिसरा, अस्तरच उरलं नाही तर चौथा. पण त्याच मरणाऱ्या पेशी मायकोफिनोलेटमुळे, सीएमव्हीमुळे आणि पहिल्या तीन आठवड्यांत केमोमुळेही दिसतात. दिवस आणि औषध कळल्याशिवाय तो खात्रीने बोलूच शकत नाही.

सीएमव्हीचे घुबडाच्या डोळ्यासारखे डाग साध्या स्लाइडवर सुटतात, म्हणून इम्युनोस्टेन, म्हणजे विषाणू ओळखणारं खास रंगकाम, मागून घ्या. रक्तातला पीसीआर निगेटिव्ह आला तरी मागा. आतड्यातला सीएमव्ही रक्तात दिसलाच पाहिजे असं नाही. आणि दोन्ही आजार एकाच पेशंटमध्ये, एकाच तुकड्यात असू शकतात.

रिपोर्टची प्रत पुरेशी नाही. स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक ट्रान्सप्लांट सेंटरला पाठवा. सकाळच्या गाडीने पुण्याला जाणारा नातेवाईक असेल तर संध्याकाळपर्यंत दुसरं मत मिळतं. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एप्रिलमधल्या सोलापुरात मेण मऊ व्हायला वेळ लागत नाही.

कॅप्सूलबद्दल थोडंसं

गिळायचा कॅमेरा अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाला. साधारण २६ मिलिमीटर लांब, ११ जाड, आठेक तास फोटो काढत जातो. मधलं लहान आतडं दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही, ते यात दिसतं, आणि पेशंटला बोचत काही नाही. पण तुकडा घेता येत नाही, आणि आपलं सगळं घोडं तिथेच पेंड खातं. पोट ठप्प असेल, उलट्या असतील किंवा आतडं अरुंद झाल्याची शंका असेल तर कॅप्सूल अडकते. ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही.

तपासणीनंतर

जुलाब तिसऱ्या पायरीवर असतील आणि जंतुसंसर्गाचे रिपोर्ट स्वच्छ असतील, तर ट्रान्सप्लांट टीम तुकड्याच्या रिपोर्टसाठी थांबत नाही. मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू होतं, बहुधा किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅम. तीन दिवसांत आजार वाढला किंवा आठवडाभरात उतार पडला नाही तर स्टेरॉइडला दाद नाही असं धरतात, आणि रुक्सोलिटिनिबसारखं पुढचं औषध येतं. म्हणून वही थांबवू नका, आता तर तिची खरी गरज. उतार पडतापडता जुलाब पुन्हा वाढले, तर आधीचाच आजार परतला असं गृहीत धरू नका. स्टेरॉइडवर असताना सीएमव्ही डोकं वर काढतो, आणि तेव्हा पुन्हा एकदा छोटी दुर्बीण आणि तुकडे लागतात.

घरी गेल्यावर पोट फुगणं, वाढतं दुखणं, ताप, काळी किंवा रक्ताळ शी, थांबत नसलेल्या उलट्या, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही फोन करा. सकाळची वाट बघू नका.

वर्षा-दोन वर्षांनी वेगळीच तक्रार घेऊन पेशंट येतो. बार्शीकडचे एक काका म्हणाले, "सगळं झ्याक आहे की, फक्त कडक भाकरी आता आमटीत भिजवल्याशिवाय उतरत नाही." त्यांना वाटत होतं, वय झालं. जुनाट जीव्हीएचडीत अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो, किंवा नळी आवळते. अशा पेशंटमध्ये थेट दुर्बीण सरकवली तर पहिल्याच वळणावर नळी फाटू शकते. म्हणून आधी बेरियम गिळायला देऊन एक्स-रे काढायचा, अडसर कुठे आहे ते बघायचं, आणि मगच बारीक दुर्बीण, डोळ्यांदेखत, हळूहळू. काकांच्या एक्स-रेत पडदा नेमका घशाच्या खाली दिसला.